मर्यादित पृथ्वीवर आर्थिक वाढ किती काळ? मतं नकोत, हिशोब हवा

पायरी_पायरी (प्रश्न)

अर्थव्यवस्था दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत राहिली, तर साधारण २३-२४ वर्षांत दुप्पट आणि १०० वर्षांत १९ पट होते. पृथ्वी आहे तेवढीच राहते. इथवर कुणाचं दुमत नाही. पुढे मात्र लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, हे साधं चक्रवाढीचं गणित आहे, कधीतरी थांबणारच. दुसरी बाजू म्हणते, 'साधनं संपणार' ही ओरड दोनशे वर्षं चालू आहे आणि दर वेळी काहीतरी नवीन सापडलं. शिवाय जीडीपी म्हणजे टनांची बेरीज नव्हे, ते मूल्य आहे, मग त्याला मर्यादा कसली?

दोन्ही बाजू वाचून समाधान होत नाही, कारण आकडे कुणी मांडत नाही. ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनी कृपया सांगावं. एखादं खनिज 'संपतं' म्हणजे प्रत्यक्षात काय घडतं? भंगारातून गरज किती भागते? 'कमी साधनांत जास्त उत्पादन' हे कुठवर ताणता येतं? आणि वाढ थांबवली तर प्रश्न खरंच सुटतो का?

---

ल्युमेन

आधी जीडीपीबद्दल, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. जीडीपी म्हणजे वर्षभरात भर पडलेलं मूल्य. महागाई वजा करून 'खरी' वाढ काढताना दर्जातला फरकही हिशोबात धरतात. त्याच किमतीला दुप्पट क्षमतेचा संगणक मिळू लागला, तर कारखान्यातून तेवढेच नग बाहेर पडूनही आकडेवारीत वाढ दिसते. म्हणजे 'जीडीपी १९ पट' याचा अर्थ '१९ पट लोखंड' असा होत नाही. दुसऱ्या बाजूचं हे म्हणणं बरोबर आहे.

पण त्यातून 'मूल्याला मर्यादा नाही' असा निष्कर्ष काढणं ही घाई झाली. दिव्याचं उदाहरण घ्या. जुना तारेचा बल्ब एका वॅटमागे १२ ते १५ ल्युमेन प्रकाश द्यायचा. सीएफएल ६० च्या आसपास देतो, आजचे चांगले एलईडी १०० ते २००. बल्बच्या ६० वॅटचं काम ८ वॅटमध्ये होतं, ही सुधारणा प्रचंडच आहे. आता पुढे किती वाव उरला? ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात, जिथे डोळा सर्वांत संवेदनशील असतो, तिथे एका वॅटमधून जास्तीत जास्त ६८३ ल्युमेन मिळू शकतात. रंग नीट ओळखू येतील अशा पांढऱ्या प्रकाशाची कमाल ३५० च्या आसपास आहे. म्हणजे सर्वोत्तम एलईडीपासून पुढे एकदा दुप्पट करण्याइतकीही जागा नाही.

अमोनियाचंही तसंच. शंभर वर्षांपूर्वी कोकवर (भाजलेल्या दगडी कोळशावर) चालणाऱ्या कारखान्यांना टनामागे १०० गिगाज्यूलहून जास्त ऊर्जा लागायची. आज नैसर्गिक वायूवरच्या उत्तम कारखान्यांत २८ च्या आसपास लागते आणि रसायनशास्त्राने आखलेला तळ आहे सुमारे २०. पहिली ७० टक्के बचत होऊन गेली, उरलेली थोडी आहे आणि महाग आहे. 'ऊर्जेची तीव्रता (जीडीपीच्या एका रुपयामागे लागणारी ऊर्जा) दरवर्षी २ टक्क्यांनी घटेल' असं गृहीत धरून शंभर वर्षांचा आलेख काढणारे हा तळ विसरतात.

कार्यक्षमतेचा वाव संपल्यावर उरतो तो मागणीच्या स्वरूपातला बदल: वस्तू कमी, सेवा जास्त. श्रीमंत देशांत सेवांचा वाटा ७० ते ८० टक्के आहे. पण सेवा हवेत तरंगत नाहीत. डॉक्टरांच्या मागे इमारत, यंत्रं, औषधांचा कारखाना असतो. डेटा सेंटर्सनी २०२४ मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज वापरली. टक्केवारीत सेवांचा वाटा वाढला याचा अर्थ लोखंड-सिमेंटचे टन कमी झाले असा नसतो, बाकीची रक्कम मोठी झाली एवढाच असतो.

---

खाणमाती

'खनिज संपतं' हा शब्दप्रयोगच आधी बाजूला ठेवू या. धातूचा अणू कुठे जात नाही. बदलते ती खनिजाची प्रत, आणि तिच्याबरोबर एक टन धातूसाठी किती खडक, पाणी, वीज आणि किती वर्षं लागतात ते.

तांबं घ्या. १९७० मध्ये जगातले ज्ञात, काढायला परवडणारे साठे सुमारे २८ कोटी टन होते आणि वर्षाला ६० लाख टनांच्या थोडं वर तांबं निघत होतं. म्हणजे 'चाळीसेक वर्षांचा साठा'. त्यानंतर त्या साठ्याच्या दुपटीहून जास्त तांबं काढून झालं, आणि आज साठे १०० कोटी टनांच्या घरात आहेत. वर्षाला निघतं २.२ ते २.३ कोटी टन. भागाकार करा, पुन्हा चाळीसेक वर्षंच! कारण 'साठा' हा भूगर्भाचा आकडा नाही, तो आजची किंमत आणि आजचं तंत्र यांचा आकडा आहे. खाणवाले चाळीस वर्षांपलीकडचं शोधण्यात पैसे घालत नाहीत. 'अमुक साली तांबं संपणार' अशी भाकितं चुकतात ती यामुळे.

पण हे ऐकून निश्चिंत होणारे पुढचा भाग पाहत नाहीत. खडकात तांबं १ टक्का असेल आणि त्यातलं ९० टक्के हाती लागत असेल, तर एक टन तांब्यासाठी १११ टन खडक दळावा लागतो. प्रत अर्ध्या टक्क्यावर आली की २२२ टन, पाव टक्क्यावर ४४४ टन. आजच्या बऱ्याच मोठ्या खाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहेत. त्यावरचा निरुपयोगी खडक वेगळा. खनिजाच्या एका टनामागे असे दोन टन हलवावे लागतात असं धरलं, तर अर्धा टक्का प्रतीला एका टन तांब्यामागे ६५० टनांहून जास्त माल उचलला जातो.

सर्वांत जास्त वीज खाते ती दळणी. क्रशरमधून आलेला खडक बॉल मिलमध्ये पिठासारखा, साधारण १०० ते १५० मायक्रॉनपर्यंत दळतात, तेव्हा तांब्याचे कण मोकळे होतात आणि फेसावर तरंगवून वेगळे काढता येतात. खडकाच्या एका टनाला १५ युनिट धरले तर २२२ टनांना ३,३०० युनिट, ४४४ टनांना ६,६०० युनिट. आणि हलक्या प्रतीच्या खनिजात बहुतेकदा कणही बारीक असतात. दळण चौपट बारीक करायचं म्हणजे टनामागची वीज अंदाजे दुप्पट. म्हणजे प्रत निम्मी झाली की खर्च दुपटीवर थांबत नाही. शिवाय तांबं काढून उरलेला ओला गाळ जवळपास दळलेल्या खडकाइतकाच असतो आणि तो बांध घालून कायमचा सांभाळावा लागतो. बांधात पाणी मुरलं आणि निचरा तुंबला की बांधाची मातीच एकदम पातळ होऊन वाहू लागते. जानेवारी २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथे लोहखनिजाच्या गाळाचा बांध असाच फुटला, २७० माणसं गेली. 'साधनं संपली नाहीत' असं म्हणताना ही बाजूही मोजली पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

याच्याही खाली एक पायरी आहे. साधारण ०.१ टक्क्याच्या खाली तांबं सल्फाइडच्या वेगळ्या कणांत नसतं, सामान्य सिलिकेट खडकाच्या स्फटिकातच विखुरलेलं असतं. तिथे नुसतं दळून भागत नाही, अख्खा खडक रासायनिकरीत्या फोडावा लागतो. ऊर्जा काही पटींनी नाही, दहापट ते शंभरपट उडी मारते. पृथ्वीच्या कवचातलं बहुतांश तांबं या पायरीच्या खाली आहे. तेव्हा 'कवचात अब्जावधी टन आहे' हे वाक्य खरं असूनही कामाचं नाही.

पर्यायांबद्दलही दोन शब्द. ॲल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या ६१ टक्के आणि घनता ३० टक्के. तेवढाच रोध हवा तर तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ १.६ पट घ्यावं लागतं, तरी वजन निम्मंच भरतं. उंच मनोऱ्यांवरच्या वाहिन्या म्हणूनच ॲल्युमिनियमच्या असतात. घोळ होतो सांध्यात. पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतो, दाबाखाली धातू हळूहळू सरकतो, स्क्रू सैल पडतो आणि जोड तापतो. वेगळे लग (तारेच्या टोकाला बसवायचे जोड) आणि लेप वापरले तर हे सांभाळता येतं. मोटारीच्या आत जिथे जागाच नसते तिथे मात्र तांब्याला हटवणं अवघड जातं. फॉस्फरसची गोष्ट आणखी वेगळी, त्याला पर्यायच नाही. प्रत्येक पेशीच्या डीएनएमध्ये तो आहे आणि त्याच्या जागी दुसरं मूलद्रव्य चालत नाही.

---

भंगार_ते_लोखंड

पुनर्वापराचा हिशोब मांडतो, कारण 'सगळं रिसायकल करू' म्हणणाऱ्यांनी तो क्वचितच केलेला असतो.

आज भट्टीत येणारं भंगार आजच्या मागणीतून येत नाही, वस्तूच्या आयुष्याइतक्या जुन्या मागणीतून येतं. वस्तू सरासरी ३० वर्षं टिकते आणि मागणी वर्षाला ३ टक्क्यांनी वाढते असं धरा. ३० वर्षांपूर्वीची मागणी आजच्या मानाने किती होती? १ भागिले (१.०३ चा ३० वा घात), म्हणजे ४१ टक्के. त्यातलं ८५ टक्के परत हाती लागलं तर ३५ टक्के. गोळा करण्याची व्यवस्था कितीही चोख असली तरी उरलेलं ६५ टक्के खाणीतूनच येणार. आयुष्य ४० वर्षं धरलं तर १०० टक्के गोळा करूनही ३१ टक्क्यांच्या आतच. एक चमत्कारिक गोष्ट यातून निघते: वस्तू जास्त टिकाऊ केली की भंगाराचा वाटा घटतो. म्हणून नुसता 'पुनर्वापराचा टक्का' पाहून खूश होऊ नये, एकूण खाणकाम घटलं का ते पाहावं. टिकाऊपणाने ते घटतंच.

आता वाढीचा दर शून्य करा. घात काहीही असो, उत्तर १ येतं. ८५ टक्के परत मिळालं तर ८५ टक्के मागणी भंगारातून भागते. याचा अर्थ असा की चक्राकार अर्थव्यवस्था टनांची वाढ चालू असताना शक्यच नाही, टन स्थिरावल्यावरच ती जुळते.

गळतीही चक्रवाढीनेच चालते. दर फेरीत १० टक्के हरवलं तर ५ फेऱ्यांनंतर ५९ टक्के उरतं, १० फेऱ्यांनंतर ३५.

दर्जाचं दुखणं लोखंडात स्पष्ट दिसतं. जुनी गाडी श्रेडरमध्ये वायरिंग आणि छोट्या मोटारींसकट जाते. चुंबकाने लोखंड वेगळं होतं, पण त्याला गुंतलेलं तांबं सोबत येतं. पोलादाच्या भट्टीत तांबं जळून जात नाही, कारण लोखंडाआधी ऑक्सिडेशन होईल असा तो धातू नाही. मग गरम पोलाद लाटताना पृष्ठभागावरचं लोखंड जळतं, तांबं साचतं, कणांच्या सीमांमध्ये वितळून शिरतं आणि पत्र्याला भेगा पडतात. गाडीच्या पत्र्याला ०.०६ टक्क्यांहून जास्त तांबं चालत नाही, बांधकामाच्या सळईला ०.४ पर्यंत चालून जातं. म्हणून गाडीचं भंगार सळईत जातं आणि नव्या गाडीला पुन्हा खाणीतलं लोखंड लागतं. उपाय माहीत आहेत: श्रेडरआधी वायरिंगचा जुडगा आणि मोटारी हाताने काढणं, श्रेड झालेल्या तुकड्यांची सेन्सरने निवड करणं, किंवा ताजं लोखंड मिसळून तांब्याचं प्रमाण उतरवणं. पहिल्याला मजुरी लागते, दुसऱ्याला यंत्र आणि तिसऱ्याला खाण.

ॲल्युमिनियममध्ये भंगार वितळवलं तर नव्या धातूच्या मानाने ९५ टक्के ऊर्जा वाचते, तिथे भंगार कुणी सोडत नाही. दुर्मिळ मृदा धातूंचं बरोबर उलटं. गोळा होणारा वाटा एका टक्क्याच्या आसपास, कारण ते फोनमध्ये, स्पीकरमध्ये ग्रॅमच्या अंशात विखुरलेले असतात. अडतं ते भौतिकशास्त्रात नाही, गोळा करून सोडवत बसण्याच्या खर्चात.

एक दिलासादायक बाब सांगायलाच हवी. श्रीमंत देशांत पोलादाचा माणशी साठा १० ते १४ टनांच्या आसपास येऊन स्थिरावताना दिसतो. पूल, रेल्वे, इमारती एकदा उभ्या राहिल्या की नंतर लागते ती डागडुजी. त्यामुळे टनांची वाढ थांबणं ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. ज्यांचे पूल अजून व्हायचे आहेत त्या देशांची गरज मात्र खरी आहे, ती नाकारून हा हिशोब मांडणं मला पटत नाही.

---

उष्मांक

ऊर्जेचं थोडक्यात. जग आज सरासरी १९ टेरावॉट (एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट) दराने ऊर्जा वापरतं. सूर्याकडून पृथ्वीवर येतात सुमारे १,७४,००० टेरावॉट. वापर वर्षाला २.३ टक्क्यांनी वाढला तर शतकात दसपट होतो, आणि चारच शतकांत आपण सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेच्या पुढे जातो. अणुसंलयन असो की आणखी काही, वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णताच होते आणि ती अवकाशात फेकायला पृष्ठभाग तापावा लागतो. तेव्हा ऊर्जेची वाढ अनंत नाही, हे पक्कं. पण या शतकापुरतं पाहिलं तर सूर्यप्रकाशाची कमतरता ही आपली अडचण नाही.

अडचण आहे सांडपाण्याच्या बाजूला, म्हणजे हवा, समुद्र, माती आपलं किती सामावून घेतात तिथे. तांबं कमी पडलं तर किंमत वाढते आणि सगळे जागे होतात. हवा भरली तर बिल कुणालाच येत नाही. योहान रॉकस्ट्रॉम या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पृथ्वीच्या ९ मर्यादा मांडल्या. २०२३ च्या मोजमापात त्यातल्या ६ ओलांडलेल्या होत्या: हवामान, जैवविविधता, जमिनीचा वापर, गोडं पाणी, नायट्रोजन-फॉस्फरस आणि मानवनिर्मित रसायनं. यात 'तांबं' किंवा 'तेल' नाही हे लक्षात घ्या.

सिमेंट हे चांगलं उदाहरण. चुनखडी भाजली की १०० किलोतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टी पूर्ण स्वच्छ विजेवर चालवली तरी तो निघणारच, कारण तो दगडातूनच येतो. क्लिंकरच्या (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट होतं) टनामागे हा सुमारे अर्धा टन होतो. जगात वर्षाला ४०० कोटी टनांच्या आसपास सिमेंट बनतं. यावर कार्यक्षमता हे उत्तर नाही. क्लिंकर कमी करून भाजलेली माती आणि चुनखडीची पूड मिसळणं, गॅस पकडून साठवणं, किंवा मुळात काँक्रीट कमी वापरणं, एवढेच रस्ते आहेत.

आणि पुन्हा उगवणाऱ्या साधनांना सुरक्षित समजू नका. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर १९६८ मध्ये कॉड माशाची पकड सुमारे ८ लाख टन होती, जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. मासे घटत असताना बोटींची दर फेरीची पकड बराच काळ टिकून होती, कारण उरलेला कॉड दाट थव्यात गोळा होतो आणि सोनारने थवा बरोबर सापडतो. पकड 'स्थिर' दिसते, समुद्र रिकामा होत असतो. भूजलातही हेच: पंप खोल गेला की पाणी तेवढंच येतं, पातळी मोजली नाही तर काही कळत नाही. खाणीचा साठा जमिनीत निवांत पडून राहतो, माशांचा आणि पाण्याचा एका मर्यादेखाली गेल्यावर सावरत नाही.

---

पायरी_पायरी

सगळ्यांचे मनापासून आभार, असंच हवं होतं. आता मुख्य प्रश्न. वाढ चालू आणि वापर कमी, अशी फारकत प्रत्यक्षात कुठे झाली आहे का? आणि साधनं टंचाईने महागतील की नाही यावर अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन आणि जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांच्यात लागलेल्या पैजेचा दाखला नेहमी दिला जातो, तो कितपत धरायचा?

---

दशांश

पैजेचं आधी. १९८० मध्ये तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातूंवर प्रत्येकी २०० डॉलर, एकूण १,००० डॉलर. महागाई वजा जाता किमती वाढल्या तर सायमन फरक देणार, घटल्या तर एर्लिक. १९९० मध्ये एर्लिकनी ५७६.०७ डॉलर दिले. पण १९८० चे भाव चढे होते. दुसरं दशक निवडलं, उदाहरणार्थ २००० ते २०१०, तर निकाल उलटा लागतो. दहा वर्षांची किंमत मंदी-तेजीबद्दल सांगते, शतकाबद्दल नाही. शिवाय पैज धातूंवर होती. वर 'उष्मांक' यांनी सांगितलेल्या ६ मर्यादांपैकी कशालाही धातूंसारखा जागतिक बाजारभाव नाही.

आता फारकत. तिचे दोन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. सापेक्ष म्हणजे वापर वाढतो, पण जीडीपीपेक्षा हळू. निरपेक्ष म्हणजे जीडीपी वाढतो आणि वापर घटतो. जगात काढल्या जाणाऱ्या एकूण कच्च्या मालाचं (बायोमास, इंधनं, धातू, वाळू-खडी धरून) वजन १९७० मध्ये ३,००० कोटी टनांच्या आसपास होतं, आता ते १०,००० कोटी टनांच्या पुढे आहे. त्या काळात जीडीपी चौपटीहून जास्त झाला. म्हणजे जागतिक पातळीवर कच्च्या मालात फक्त सापेक्ष फारकत, तीही किरकोळ.

कार्बनमध्ये मात्र निरपेक्ष फारकत खरोखर झालेली आहे. ब्रिटनचं देशांतर्गत उत्सर्जन १९९० च्या मानाने निम्म्यावर आलं आणि अर्थव्यवस्था सुमारे ८० टक्क्यांनी वाढली. कोळशाचं शेवटचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. असे दावे तपासताना मी या क्रमाने जातो. पहिलं, आकडा देशात उत्पादन झालेल्याचा आहे की देशात वापरल्या गेलेल्याचा? कारखाना बाहेर गेला आणि माल आयात झाला, तर पहिल्या आकड्यात घट दिसते, दुसऱ्यात नाही. ब्रिटनची आयात धरूनची घटही खरी आहे, पण बरीच लहान. दुसरं, सुरुवातीचं वर्ष कोणतं? तिसरं, ही घट एकदाच होणारी आहे का? कोळशाऐवजी गॅस हा बदल दुसऱ्यांदा करता येत नाही. चौथं आणि महत्त्वाचं, वेग पुरेसा आहे का?

वेगाचा हिशोब कुणालाही करता येतो. उत्सर्जन वर्षाला ७ टक्क्यांनी घटवायचं आणि अर्थव्यवस्था ३ टक्क्यांनी वाढवायची, तर जीडीपीच्या एका रुपयामागचं उत्सर्जन ०.९३ भागिले १.०३, म्हणजे दरवर्षी ९.७ टक्क्यांनी घटलं पाहिजे. जगाचा आजवरचा सरासरी वेग २ टक्क्यांच्या आसपास. आता वाढ शून्य करा, तरीही ७ टक्के हवेतच. म्हणजे वाढ थांबवल्याने काम सोपं होतं, संपत नाही. २०२० ने हे प्रत्यक्ष दाखवलं. जागतिक जीडीपी ३ टक्क्यांच्या आसपास घटला, कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांच्या आसपास, आणि पुढच्याच वर्षी बहुतेक सगळं परत आलं. कारण वीज केंद्रं, गाड्या, भट्ट्या त्याच होत्या, नुसत्या कमी चालल्या.

वाढ थांबली की दुसऱ्या बाजूला काय मोडतं तेही पाहा. कामगाराची उत्पादकता वर्षाला दीड टक्क्याने वाढत असेल आणि उत्पादन तेवढंच ठेवायचं असेल, तर १० वर्षांनी तेच काम १४ टक्के कमी तासांत होतं. एक तर तेवढी माणसं बेकार होतात, नाहीतर ४० तासांचा आठवडा साडेचौतीस तासांचा करावा लागतो. तो आपोआप होत नाही, कायदा आणि वाटाघाटी लागतात. सरकारी कर्ज जीडीपीच्या १०० टक्के आणि व्याज ३ टक्के असेल, तर ३ टक्के वाढीत कर्जाचं प्रमाण जागच्या जागी राहतं. शून्य वाढीत ते तसंच ठेवायला दरवर्षी जीडीपीच्या ३ टक्के इतकी शिल्लक बाजूला काढावी लागते. निवृत्तिवेतनाचे हिशोबही असेच वाढ गृहीत धरून केलेले असतात. वाढीचा आग्रह नुसत्या हव्यासातून येत नाही, तो या करारांमध्ये विणलेला आहे. वाढ नको म्हणणाऱ्यांनी आधी हे करार कसे बदलायचे ते सांगावं, ही अपेक्षा रास्त आहे.

---

ल्युमेन

'दशांश' यांच्या हिशोबात एक भर. कार्यक्षमता वाढली की वापर घटेलच असं नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच दाखवलं होतं. वॉटच्या इंजिनाला आधीच्या न्यूकोमेन इंजिनापेक्षा कोळसा खूप कमी लागायचा, म्हणून वाफ परवडू लागली, इंजिनं सगळीकडे पोचली आणि कोळशाचा एकूण खप वाढला. आज घरातल्या दिव्यांत किंवा फ्रिजमध्ये हा उलट परिणाम लहान असतो, कारण कुणी दुप्पट फ्रिज घेत नाही. जिथे मागणीची भूक मोठी आहे, म्हणजे गणनक्षमता, मालवाहतूक, विमानप्रवास, तिथे तो बचतीचा मोठा भाग खातो.

याला उतारा एकच ठाऊक आहे: एकूण प्रमाणावर कमाल मर्यादा. टक्केवारीवर नाही, टनांवर. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने वीज केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडला वर्षाला ८९.५ लाख टनांची अंतिम मर्यादा घातली आणि तिच्या आत परवान्यांची खरेदी-विक्री होऊ दिली. वीज उत्पादन वाढलं, सल्फर डायऑक्साइड घटला. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने ओझोन खाणाऱ्या वायूंचं उत्पादनच टप्प्याटप्प्याने बंद केलं, फ्रिज काही बंद पडले नाहीत. आधी मर्यादा ठरली, मग तिच्या आत अर्थव्यवस्थेने वाट काढली. उलट क्रमाने, म्हणजे आधी वाढ आणि मग त्यातून आपोआप घट, असं इतक्या वेगाने झालेलं मला कुठे दिसलेलं नाही.

---

पायरी_पायरी

मग ज्याला पर्याय नाही त्या फॉस्फरसवर अशी मर्यादा घालता येईल का? अन्न तर थांबवता येत नाही.

---

खाणमाती

अन्न थांबवायची गरज पडत नाही, कारण खाणीतून निघालेल्या फॉस्फरसपैकी साधारण पाचवा हिस्साच खाल्लेल्या अन्नात पोचतो. बाकी खाणीतल्या गाळात, शेताच्या मातीत, वाहून नदीत, जनावरांच्या मलमूत्रात आणि सांडपाण्यात जातो. त्यामुळे खाणीचे टन घटवूनही अन्नाचे टन टिकवता येतात. ज्ञात साठ्यांपैकी ७० टक्क्यांच्या आसपास एकट्या मोरोक्कोकडे (पश्चिम सहारासह) असल्याने बाकी देशांना यात स्वतःचाही स्वार्थ आहे. २००८ मध्ये फॉस्फेट खडकाचे भाव वर्ष-दीड वर्षात कित्येक पट उसळले होते, ते साठा संपला म्हणून नव्हे.

सांडपाण्यातून तो काढायचं तंत्र एका डोकेदुखीतून आलं. गाळ कुजवल्यावर निघणाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट भरपूर असतं. पंपाच्या वळणावर पाणी घुसळलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर सरकतो आणि स्ट्रुव्हाइट नावाचा पांढरा, कडक स्फटिक धरून नळी तुंबते. तेच आता मुद्दाम करतात. वेगळ्या टाकीत मॅग्नेशियम क्लोराइड घालून पीएच ८ ते ९ च्या दरम्यान ठेवायचा, म्हणजे दाणेदार स्ट्रुव्हाइट मिळतं. त्यात साडेबारा टक्के फॉस्फरस असतो आणि ते खत म्हणून हळूहळू विरघळतं. मॅग्नेशियम कमी पडलं तर फॉस्फेट तसंच निसटतं. पीएच एकदम चढवला तर दाणे न धरता बारीक पूड होते आणि पाण्याबरोबर वाहून जाते.

यातून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या फॉस्फरसचा काही हिस्साच मिळतो, कारण बाकीचा गाळात घट्ट बसलेला असतो. जास्त हवा असेल तर गाळ स्वतंत्र भट्टीत जाळून राखेतून आम्लाने काढावा लागतो, मग ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जाता येतं. मात्र तो गाळ सिमेंटच्या भट्टीत किंवा कचऱ्याबरोबर जाळला की राख मिसळते आणि फॉस्फरस कायमचा हातचा जातो. जर्मनीने २०१७ च्या नियमाने फॉस्फरस परत मिळवण्याची सक्ती आणली: एक लाखाहून जास्त लोकसंख्येच्या भाराच्या केंद्रांना २०२९ पासून, पन्नास हजारांहून जास्त भाराच्या केंद्रांना २०३२ पासून. बारा ते पंधरा वर्षांची मुदत दिली, कारण स्वतंत्र भट्टी उभारायला तेवढा वेळ लागतो. इतर देशांनी आज नियम केला तरी राख हाती यायला पुढचं दशक उजाडेल.